दर नंतर बघा, आधी डिलिव्हरी रिपोर्ट बघा

मेसेज पाठवणारी कंपनी निवडायची म्हटलं की मीटिंगमध्ये सगळ्यात आधी दरपत्रक उघडतं. एका एसएमएसला किती, लाखभर घेतले तर किती, अकाउंट मॅनेजर मिळेल का. मी या कामात बरीच वर्षं आहे आणि दरपत्रक सगळ्यात शेवटी उघडते.

आमचं सॉफ्टवेअर डायलिसिस सेंटर आणि तपासणी लॅबच्या अपॉइंटमेंट सांभाळतं. लॉगिनचा ओटीपी, उद्याच्या वेळेची आठवण, रिपोर्ट तयार झाल्याची सूचना आणि मशीन बंद पडल्यामुळे बदललेली वेळ, असे चार प्रकारचे मेसेज आमच्याकडून जातात. यातल्या शेवटच्याची मला सगळ्यात जास्त काळजी असते. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणाऱ्या माणसाला वेळ बदलल्याचं कळलं नाही, तर तो तासन् तास बाकावर बसून राहतो, नाहीतर त्याचं सेशन चुकतं. सेशन चुकलं की अंगात पाणी साचतं, दम लागतो, कधी थेट ॲडमिट व्हायची वेळ येते. म्हणून प्लॅटफॉर्म बघताना माझा प्रश्न एकच असतो: मेसेज पोचला नाही तर हे लोक मला खरं सांगतील का, आणि किती लवकर?

हा रिव्ह्यू त्याच कसोटीवर आहे. आम्ही प्रत्यक्ष चालवून पाहिलेल्या तीन सेवांबद्दल लिहितेय: एसएमएस पाठवून देणारी ट्विलिओ, फोनमधल्या ॲपला सूचना पाठवणारं गूगलचं फायरबेस क्लाउड मेसेजिंग म्हणजे एफसीएम, आणि घाऊक एसएमएस विकणारा एक पुरवठादार. तिसऱ्याचं नाव घेत नाही. त्याच्यासारखे पुष्कळ आहेत आणि तुम्हाला भेटणारा बहुधा दुसराच असेल.

आधी एसएमएस जातो कसा ते बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या इंजिनिअरने व्होडाफोनच्या नेटवर्कवर पहिला एसएमएस पाठवला, 'मेरी ख्रिसमस' एवढाच. तो निघाला कॉम्प्युटरवरून आणि उतरला फोनवर. बिझनेस एसएमएसची वाट आजही तीच आहे. आपला सर्व्हर प्लॅटफॉर्मच्या एपीआयला, म्हणजे दोन सॉफ्टवेअरना जोडणाऱ्या दाराला, मेसेज देतो. प्लॅटफॉर्म तो थेट मोबाईल ऑपरेटरला देतो, किंवा अनेकांचे मेसेज गोळा करून पुढे देणाऱ्या मधल्या एखाद्या ॲग्रिगेटरला, आणि तो आणखी पुढच्याला. शेवटी मेसेज ऑपरेटरच्या एसएमएस सेंटरमध्ये येऊन थांबतो. फोन चालू असेल, रेंजमध्ये असेल तर लगेच उतरतो. नसेल तर तिथेच ठेवला जातो, आणि ठरलेली मुदत संपली की टाकून दिला जातो. फोनने मेसेज घेतला की एसएमएस सेंटर तसा रिपोर्ट तयार करतं आणि तो त्याच साखळीतून उलटा आपल्याकडे येतो.

म्हणजे 'ॲक्सेप्टेड' याचा अर्थ प्लॅटफॉर्मने घेतला, 'सेंट' याचा अर्थ त्याच्या पुढच्याने घेतला, आणि 'डिलिव्हर्ड' याचा अर्थ रुग्णाच्या फोनने घेतला. सेल्सचा माणूस स्क्रीनवर जो मोठा टक्का दाखवतो तो या तिघांपैकी नेमका कुठला, हे पहिल्याच बैठकीत विचारा. उत्तर देताना त्याला अडखळावं लागलं तर तेही लिहून ठेवा. कारण या साखळीतला कुणीही मधला दुवा स्वतःच 'डिलिव्हर्ड' असा शिक्का मारून रिपोर्ट मागे पाठवू शकतो. मेसेज पुढे गेला की नाही याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध असेलच असं नाही. या धंद्यात त्याला फेक डीएलआर, म्हणजे खोटा डिलिव्हरी रिपोर्ट, म्हणतात आणि ते फार जुनं दुखणं आहे.

ते ओळखायला मोठी यंत्रणा लागत नाही. एक फोन पूर्ण बंद करून टेबलावर ठेवायचा आणि त्याच्या नंबरवर मेसेज सोडायचा. त्या घाऊक पुरवठादाराची चाचणी घेताना आम्ही तेच केलं. फोन समोर काळा पडलेला, आणि डॅशबोर्डवर त्याच्या नावापुढे हिरवं 'डिलिव्हर्ड'. सबमिट झाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ, दोन्ही त्याच सेकंदातल्या. मग कायमचा बंद झालेला एक नंबर दिला. तोही हिरवा. मी त्यांच्या माणसाला फोन लावला.

"मॅडम, ऑपरेटरकडून जे येतं तेच आम्ही दाखवतो."

"फोन बंद आहे. ऑपरेटरला तो मेसेज घेतल्याचं सांगितलं कुणी?"

"मी टेक्निकल टीमकडून कन्फर्म करून सांगतो मॅडम."

सांगितलं नाही. माझ्या दृष्टीने ती चाचणी तिथेच संपली, त्याचा दर इतर सगळ्यांपेक्षा कमी होता तरीसुद्धा. मशीन बंद पडल्याच्या दिवशी मला हिरवी यादी दाखवणारा आणि प्रत्यक्षात निम्म्यांनाच कळवणारा पुरवठादार हा मेसेज न पाठवणाऱ्यापेक्षाही जास्त घातक आहे. काहीच गेलं नाही हे कळलं तर आमच्या सेंटरवरची ताई यादी घेऊन फोन लावायला बसते. हिरव्या यादीवर कुणी फोन लावत नाही.

आणखी एक खूण सांगते, ती बंद फोनशिवायही दिसते. हजार-दोन हजार मेसेजचे रिपोर्ट एक्सेलमध्ये काढा आणि पाठवल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ मोजा. खऱ्या रिपोर्टमध्ये हा वेळ पसरलेला असतो. बहुतेक मेसेज काही सेकंदांत, थोडे मिनिटांत, आणि ज्यांचे फोन बंद होते त्यांचे तासांनी. काही मुदत संपून पडलेले. लोक लिफ्टमध्ये असतात, विमानात असतात, बॅटरी संपलेली असते, हे सगळं त्या आकड्यांत उमटतं. सगळे मेसेज सारख्याच वेळेत पोचलेले दिसले तर ते रिपोर्ट फोनवरून आलेले नाहीत, एवढं समजून घ्या.

घाऊक आणि फार स्वस्त मार्गांचा दुसरा धोका ग्रे रूटचा. ऑपरेटरशी रीतसर करार न करता मेसेज आडवाटेने घुसवला जातो. मग पाठवणाऱ्याचं नाव बदलतं, कुठलातरी अनोळखी नंबर दिसतो, आणि ऑपरेटरने तो मार्ग बंद केला की एका रात्रीत सगळं ठप्प. अनोळखी नंबरवरून 'तुमची वेळ बदलली आहे' असा मेसेज आला तर शहाणा माणूस त्याला फसवणूकच समजणार, आणि त्याचं बरोबरच आहे.

आता ट्विलिओ. २००८ मध्ये सुरू झालेली ही अमेरिकन कंपनी डेव्हलपर लोकांमध्ये ओळखीची आहे, तेव्हा एपीआय सोपं आहे वगैरे मी पुन्हा सांगत बसत नाही. मला ती पटली ती मेसेज अयशस्वी झाल्यावर काय सांगते त्यासाठी. प्रत्येक मेसेजचा प्रवास रांगेत, पाठवतोय, पाठवला, पोचला, न पोचलेला, अयशस्वी अशा टप्प्यांत कळतो, आणि न पोचलेल्यापुढे एरर कोड येतो. ३०००३ म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर. ३०००५ म्हणजे हा नंबर नेटवर्कला माहीतच नाही. ३०००६ म्हणजे लँडलाइन असावा किंवा तिथपर्यंत मार्ग नाही. ३०००७ म्हणजे मेसेज मधेच गाळला गेला, मजकूर किंवा पाठवणारा संशयास्पद वाटला. ३०००८ म्हणजे कारण कळलेलं नाही, आणि ते कळलेलं नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

हे कोड बाहेरून रुक्ष वाटतात, पण आमचं अर्धं काम त्यांच्यावर चालतं. ३०००३ आला आणि अपॉइंटमेंट उद्याची असेल तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न होतो. वेळ आजचीच असेल तर रिसेप्शनच्या स्क्रीनवर रुग्णाच्या नावापुढे लाल खूण येते आणि तिथलं माणूस फोन उचलतं. ३०००५ आला तर पुढच्या भेटीत नंबर पुन्हा विचारायची चिठ्ठी त्या रुग्णाच्या फाइलला लागते. ३०००६ आला तर बहुतेक वेळा घरातल्या वडीलधाऱ्यांनी घरचा जुना लँडलाइन दिलेला असतो. मग मुलाचा किंवा सुनेचा मोबाईल नंबर मागायचा. ३०००७ वाढायला लागले की रुग्णांचा काही दोष नसतो, आमच्या टेम्प्लेटमधली, म्हणजे मेसेजच्या ठरलेल्या मजकुरातली, लिंक किंवा शब्दरचना बघायची. 'फेल्ड' एवढंच सांगणाऱ्या प्लॅटफॉर्मवर यातलं एकही काम करता येत नाही.

स्टेटस आपल्याला विचारत बसावं लागत नाही. बदल झाला की ट्विलिओ आपण दिलेल्या पत्त्यावर कॉलबॅक पाठवते. इथे तुमच्या डेव्हलपरला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. एक म्हणजे हे कॉलबॅक क्रमाने येतील याची खात्री नसते. 'डिलिव्हर्ड' आधी आणि 'सेंट' नंतर असंही येऊ शकतं. शेवटचा आलेला तोच खरा असं धरून कोड लिहिला तर पोचलेले मेसेज न पोचलेले दिसतात. दुसरं म्हणजे प्रत्येक कॉलबॅकच्या हेडरमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीत, ट्विलिओची डिजिटल सही असते, ती तपासायचीच. नाहीतर तो पत्ता माहीत असलेलं कुणीही खोटं 'डिलिव्हर्ड' घुसवू शकतं.

काही देशांत, काही नेटवर्कवर फोनपर्यंतचा रिपोर्ट मिळतच नाही. तिथे ट्विलिओचं स्टेटस 'सेंट'वरच थांबतं. काही सहकाऱ्यांना ही उणीव वाटते. मला नाही वाटत. ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्याचं दाखवलेलं मला नको.

ऑगस्ट २०२२ मध्ये ट्विलिओच्याच कर्मचाऱ्यांना आयटी विभागाच्या नावाने खोटे एसएमएस गेले, काहींनी पासवर्ड दिले आणि हल्लेखोर काही ग्राहकांच्या माहितीपर्यंत पोचले. सिग्नल या मेसेंजरच्या सुमारे १,९०० वापरकर्त्यांचे नंबर त्यात उघडे पडले. ही लहान घटना नव्हती आणि निवड करताना ती मी बाजूला ठेवली नाही. पण कंपनीने ती स्वतः जाहीर केली, तपासात नवीन काही निघालं तसतशी माहिती वाढवत गेली. ग्राहकांपासून लपवून ठेवलेल्या चुकीपेक्षा मी ही परिस्थिती पत्करेन. तुम्ही ज्या कुणाकडे जाल त्यांना विचारा, मागच्या बिघाडाचा लेखी अहवाल दाखवा म्हणून. 'आमच्याकडे कधी बिघाड झालाच नाही' हे उत्तर आलं तर खुर्ची मागे सरकवून उठा.

ट्विलिओ स्वस्तातला पर्याय नाही, हेही सांगायला हवं. माणसाशी फोनवर बोलून मदत हवी असेल तर सपोर्टचा वेगळा, पैसे देऊन घ्यायचा प्लॅन लागतो. कन्सोलमध्ये इतक्या गोष्टी आहेत की ज्या व्यवसायात डेव्हलपर नाही, फक्त महिन्यातून एकदा ग्राहकांना मेसेज सोडायचा आहे, त्यांना हे ओझं होईल. त्यांनी तयार स्क्रीन देणारी लहान सेवा घ्यावी. बंद फोनची चाचणी मात्र तिथेही घ्यावी.

बिलाकडे वळायच्या आधी मेसेजची लांबी कशी मोजतात ते समजून घ्या, कारण बिल मेसेजचं नसतं, तुकड्यांचं असतं. एसएमएसचा एक तुकडा १४० बाइटचा. जीएसएमच्या मूळ सात बिटांच्या अक्षरसंचात त्यात १६० अक्षरं बसतात. देवनागरी त्या संचात नाही, म्हणून मेसेज युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या संचात जातो आणि एका तुकड्यात फक्त ७० युनिट बसतात. मेसेज त्याहून लांब असेल तर प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहिती ठेवावी लागते आणि क्षमता १५३ किंवा ६७ वर येते.

देवनागरीत युनिट म्हणजे डोळ्यांना दिसणारं अक्षर नव्हे. 'उद्या' हा शब्द दोन अक्षरांचा दिसतो, पण उ, द, हलन्त, य आणि काना अशी पाच युनिटं मोजली जातात. 'अपॉइंटमेंट' एकटा दहा खातो. 'आपली अपॉइंटमेंट उद्या सकाळी १० वाजता आहे.' हे एवढंसं वाक्य ४१ युनिटांचं आहे. त्यापुढे सेंटरचं नाव आणि वेळ बदलायची लिंक घातली की ७० ओलांडलेच. म्हणून आमच्या टेम्प्लेटमध्ये प्रत्येक शब्द मोजून ठेवलाय, आणि 'अपॉइंटमेंट'च्या जागी 'वेळ' आलाय. रुग्णांनाही तो जास्त सरळ वाटतो.

हेच दुखणं रोमन लिपीत लपून बसतं. वर्डमधून मजकूर उचलून चिकटवला की साध्या अवतरण चिन्हाऐवजी वळणदार चिन्ह येतं, आणि त्या एकट्या चिन्हामुळे अख्खा मेसेज युनिकोड होतो. १५० अक्षरांचा जो मेसेज एका तुकड्यात गेला असता त्याचे तीन तुकडे होतात. मजकुरात काहीच बदललेलं दिसत नाही, बिल मात्र तिप्पट. ट्विलिओत स्मार्ट एन्कोडिंग नावाची सोय आहे, ती अशी चिन्हं साध्या चिन्हांनी बदलते. निवडलेल्या प्लॅटफॉर्मवर अशी सोय नसेल तर किमान पाठवण्याआधी तुकडे किती होणार ते दाखवणारी सोय तरी हवी.

एफसीएमची गोष्ट वेगळी. गूगलने २०१२ मध्ये आणलेल्या जुन्या सेवेच्या जागी २०१६ मध्ये ते आलं आणि मेसेज पाठवायला पैसे लागत नाहीत. पण ते फोन नंबरवर जात नाही, ॲपवर जातं. ज्यांच्या फोनमध्ये आमचं ॲप आहे त्यांना रिपोर्टची सूचना, उद्याची आठवण यासाठी ते उत्तम आहे. मजकुराला साधारण ४ किलोबाइट जागा मिळते, देवनागरीची काटकसर करावी लागत नाही, आणि सूचनेवर बोट ठेवलं की थेट ॲपमधलं पान उघडतं. जुन्या सर्व्हर कीवर चालणारं एपीआय २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता अल्पमुदतीच्या प्रवेश-टोकनवर चालणारं नवीन एपीआयच वापरायचं. जुन्या ब्लॉगमधला कोड उचलू नका.

माझ्या कसोटीवर एफसीएम एकटं पुरत नाही. गूगलकडून जो मेसेज आयडी परत येतो तो 'घेतला' असं सांगतो, 'पोचला' असं नाही. फोन ऑफलाइन असेल तर मेसेज डिफॉल्टने चार आठवडे थांबू शकतो. आजची वेळ बदलल्याचा मेसेज चार आठवड्यांनी पोचून काय उपयोग? म्हणून मुदत स्वतः घालायची. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नव्या ॲपला सूचना दाखवायला परवानगी मागावी लागते, आणि बरेच लोक नको म्हणतात. एखाद्या फोनमध्ये ॲप महिनोन् महिने उघडलंच नाही तर त्याचं टोकन, म्हणजे एफसीएमकडची त्या फोनची ओळख, शिळं होतं. अँड्रॉइडवर २७० दिवस हालचाल नसलेलं टोकन एफसीएम बाद धरतं. ॲप काढून टाकलं असेल तर 'अनरजिस्टर्ड' असा एरर येतो. ते टोकन त्याच क्षणी यादीतून काढायचं, नाहीतर तुमचा पोचण्याचा टक्का दिवसेंदिवस खोटा होत जातो.

यावर आम्ही बसवलेली घडी अशी आहे. सूचना फोनवर आली की ॲप स्वतः आमच्या सर्व्हरला 'मिळाली' असं कळवतं. ठराविक मिनिटांत ही पोच आली नाही तर तोच मजकूर एसएमएसने जातो. एसएमएसचाही रिपोर्ट आला नाही तर रिसेप्शनवर लाल खूण. ओटीपी आणि आजच्या दिवसातला बदल यांना ही वाट बघायला वेळ नसतो, ते थेट एसएमएसने जातात. एसएमएसची मुदतही तिथे कमी ठेवलेली असते, कारण दहा मिनिटांत बाद होणारा ओटीपी तासाभराने उतरला तर माणूस फक्त गोंधळतो. आणि ओटीपीची रांग इतर मेसेजपासून वेगळी. कुणीतरी आरोग्य शिबिराची जाहिरात हजारो लोकांना सोडली म्हणून लॉगिन करणाऱ्याने ताटकळत बसायचं, हे चालणार नाही.

व्हॉट्सॲपबद्दल विचारणारे असतातच. व्यवसायाने स्वतःहून मेसेज सुरू करायचा तर आधी मंजूर झालेलं टेम्प्लेट लागतं. ग्राहकाने मेसेज केल्यापासून २४ तासांत मात्र मोकळेपणी उत्तर देता येतं. संवादासाठी छान आहे, वाचल्याची खूणही मिळते. ओटीपीसाठी मी ते एकमेव साधन कधीच ठेवणार नाही, कारण सगळ्यांकडे ते नसतं आणि डेटा बंद असला की संपलं.

ओटीपीचा विषय निघालाय तर एका चोरीबद्दल सावध करते, तिला एसएमएस पंपिंग म्हणतात. भामटे तुमच्या लॉगिनच्या फॉर्ममध्ये यंत्राने हजारो नंबर भरतात. ते नंबर महागड्या मार्गांवरचे असतात आणि त्या मेसेजच्या उत्पन्नातला वाटा त्यांना मिळतो. तुमच्या बाजूने सगळं सुरळीत दिसतं, कारण मेसेज खरोखर पोचत असतात. फक्त पाठवलेला ओटीपी परत कुणी भरत नाही. म्हणून पाठवलेले ओटीपी आणि बरोबर भरलेले ओटीपी यांचं गुणोत्तर रोज बघा, आणि ते देशवार बघा. ज्या देशांत तुमचे ग्राहकच नाहीत ते सगळे बंद करून टाका. ट्विलिओत जिओ परमिशनमध्ये हे करता येतं. ज्या प्लॅटफॉर्मवर देश बंद करायची सोय नाही तो ओटीपीसाठी घेऊच नका.

एसएमएस या टोकापासून त्या टोकापर्यंत एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, नसतो. वाटेतल्या प्रत्येकाला तो वाचता येऊ शकतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनातच एसएमएसवरच्या ओटीपीला मर्यादित वापराच्या यादीत टाकलं. आमच्या मेसेजमध्ये आजाराचं, तपासणीचं, डॉक्टरांच्या स्पेशालिटीचं नाव कधीच नसतं. 'तुमचा रिपोर्ट तयार आहे' आणि लॉगिनची लिंक, बस. फोन घरात कुणाच्याही हातात असू शकतो. प्लॅटफॉर्मच्या लॉगमध्ये मजकूर आणि नंबर किती दिवस राहतात, ते झाकता येतात का, हेही करारात बघा.

नोंदणीचे नियम देशागणिक वेगळे. अमेरिकेत साध्या दहा अंकी नंबरवरून व्यवसायाचे मेसेज पाठवायला ब्रँड आणि मोहिमेची नोंदणी लागते, सिंगापूरमध्ये जानेवारी २०२३ च्या अखेरीपासून नंबरऐवजी नावाने पाठवायला नोंदणी सक्तीची आहे, भारतात डीएलटी या ऑपरेटरांच्या नोंदणी यंत्रणेवर नाव आणि टेम्प्लेट दोन्ही नोंदवावी लागतात. ही नोंदणी तुमच्या कंपनीच्या नावावर झाली पाहिजे, पुरवठादाराच्या नाही. नावाने पाठवलेल्या मेसेजला सहसा उत्तर देता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. रुग्णाने 'येऊ शकत नाही' असं कळवावं अशी अपेक्षा असेल तर उत्तर घेणारा नंबरच घ्यावा लागतो.

आता दरपत्रक उघडा. महिन्याचं एकूण बिल घ्या, त्यात नंबरचं भाडं, ऑपरेटरचे अधिभार, सपोर्टचा प्लॅन सगळं धरा, आणि खऱ्या अर्थाने पोचलेल्या मेसेजच्या संख्येने भागा. पाठवलेल्यांच्या नव्हे. आम्ही हा भागाकार केला तेव्हा त्या घाऊक पुरवठादाराचा दर काढताच आला नाही, कारण पोचलेले किती हेच माहीत नव्हतं.

मग आमची निवड काय? ओटीपी आणि तातडीच्या बदलांना ट्विलिओ. ॲप असलेल्यांना आठवण आणि रिपोर्टसाठी आधी एफसीएम, पोच आली नाही तर ट्विलिओ. मधे आमचा स्वतःचा एक पातळ थर आहे, ज्यामुळे बाकी सॉफ्टवेअरला मेसेज कुणामार्फत गेला हे माहीत नसतं. उद्या पुरवठादार बदलायचा झाला तर तेवढाच थर बदलायचा. तिथेच प्रत्येक मेसेजला आमचा स्वतःचा क्रमांक दिला जातो, म्हणजे नेटवर्क अडखळून विनंती पुन्हा गेली तरी रुग्णाला एकच मेसेज जातो. दोन मेसेज आले की घाबरून दोनदा फोन करणारी माणसं असतात.

पुरवठादार बदलताना सगळ्यात आधी राहून जाते ती 'मला मेसेज नको' म्हणणाऱ्यांची यादी. ट्विलिओत कुणी स्टॉप असं उत्तर दिलं की पुढचे मेसेज तिथेच अडतात आणि आपल्याला २१६१० हा एरर मिळतो. पण ही यादी त्यांच्याकडे असते. नवीन प्लॅटफॉर्मला तिचा पत्ता नसतो, आणि ज्यांनी नको म्हणून सांगितलं होतं त्यांनाच पहिल्या दिवशी मेसेज जातात. म्हणून हा एरर आला की आम्ही तो नंबर लगेच आमच्या डेटाबेसमध्ये नोंदवतो, आणि त्याच वेळी रिसेप्शनला कळवतो की या रुग्णाला इथून पुढे फोनच करायचा आहे. डायलिसिसच्या रुग्णाने मेसेज बंद केले म्हणून त्याला वेळ बदलल्याचं कळवायचं काम संपत नाही.